डिटेक्टर घेण्याआधी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद,

तुझा मेसेज परवा रात्री वाचला. कराराची नोकरी संपली, हाताशी आठ-नऊ हजार डॉलर आहेत, त्यात जमिनीतला धातू आवाजाने दाखवणारा चांगला डिटेक्टर घ्यायचा आणि व्हिक्टोरियातल्या जुन्या सोन्याच्या गावात, डनोलीला, खोली करून सहा महिने सोनं शोधायचं. वर "काका, आपण गलाईवाल्यांची पोरं, सोनं रक्तातच आहे" हेही. फोन केला असता तर मी चिडलो असतो, म्हणून लिहितोय.

आधी त्या रक्ताचं बघू. विटा-खानापूर-आटपाडीच्या माणसांनी गावोगाव गलाईची, म्हणजे सोनं वितळवून शुद्ध करायची, दुकानं टाकली ती मोडीच्या सोन्यावर. कुणीतरी आधीच खणलेलं, घडवलेलं, वापरून झालेलं सोनं आपल्या मुशीत यायचं. जमिनीत ते कुठे बसतं हे आपल्या आज्या-पणज्यांना कुणी विचारलंच नाही. एक सवय मात्र घरातून आली. वडील दुकान झाडल्यावर केर बाहेर टाकू द्यायचे नाहीत, पोत्यात भरून झारेकऱ्यासाठी, म्हणजे केर धुऊन त्यातलं सोनं काढणाऱ्यासाठी, ठेवायचे. हात धुतलेलं पाणीसुद्धा वेगळ्या टबात. धुळीकडे असं बघता येत असेल तर निम्मं काम झालं.

आता माझी फजिती ऐक. इथे ऑस्ट्रेलियात, व्हिक्टोरियात आल्यावर पहिल्यांदा क्रीकवर, म्हणजे ओढ्यावर गेलो तेव्हा वाळू धुऊन सोनं वेगळं करायच्या पसरट पॅनला कशाला पैसे घालवायचे म्हणून घरातली परात उचलली. तिच्यात आदल्या रात्री कणीक मळलेली, तेलाचा हात लागलेला. दिवसभर वाळू धुतली आणि शेवटी तळाशी नुसती काळी वाळू. शेजारी एक म्हातारा ऑस्ट्रेलियन बसला होता. त्याने परातीवरून बोट फिरवलं, चोळून बघितलं आणि हसत सुटला. बारीक सोन्याला तेलाचा ओशट थर मिळाला की ते बुडतच नाही, पाण्यावर तरंगत काठावरून निघून जातं. नवा पॅनसुद्धा आधी भांड्यांच्या साबणाने घासून घे.

पॅनवर मी एवढं अडून बसतोय कारण सोनं कसं वागतं हे तोच शिकवतो. सोनं पाण्याच्या एकोणीस पट जड, साधी वाळू अडीच-पावणेतीन पट, लोखंडाची काळी वाळू पाचेक पट. पॅन पाण्याखाली धरून आधी जोरात हलव, म्हणजे जड असेल ते खाली बसेल. चिकणमाती हाताने कुस्कर, तिच्या गोळ्यात सोनं अडकून बाहेर जातं. मग पॅन पुढे कलवून वरची वाळू थोडी थोडी जाऊ दे. चमचाभर काळी वाळू उरली की घाई थांबव आणि ओंजळभर पाणी एका बाजूने हळूच फिरव. वाळू पुढे सरकते, मागे पिवळी शेपटी राहते. तिच्यावर हाताची सावली धर. अभ्रक सावलीत विझतं, सोन्याचा रंग हलत नाही. शंका राहिलीच तर सुईने टोच. सोनं दबतं, पायराइटचा चुरा होतो.

नदी वळते तिथे आतल्या बाजूला, मोठ्या धोंड्याच्या मागे, खालच्या पाटीच्या खडकाच्या भेगांत पाण्याचा जोर मोडतो आणि सोनं थांबतं. पाच-सहा रविवार हेच कर. नंतर कोरड्या रानातही जुना ओढा कुठून वाहत असेल हे डोळ्यांना दिसायला लागतं. ज्याला हे दिसत नाही त्याच्या हातात डिटेक्टर म्हणजे महागडी काठी.

१९८० साली इथल्याच किंगोवरला सापडलेल्या २७ किलोच्या नगेटचं, म्हणजे सोन्याच्या नैसर्गिक गोळ्याचं, तू लिहिलंयस. गोष्ट खरी आहे, डिटेक्टरनेच सापडलं. त्याआधी १८६९ मध्ये मोलियागुलला तर सत्तर किलोंच्या वरचा गोळा झाडाच्या मुळाशी, जेमतेम दोन बोटं खाली होता. डनोलीच्या तराजूत मावेना म्हणून ऐरणीवर फोडला. पण त्या बातम्या वाचून तुझ्यासारखे किती लोक त्याच रानातून काठी फिरवत गेले असतील याचाही अंदाज कर. उरलंय ते बारीक, खोल किंवा खिळ्यांच्या गर्दीत लपलेलं.

माझी वही काढली. गेल्या वर्षी ३१ फेऱ्या, सोनं ११.४ ग्रॅम. जुना तोळा ११.६६ चा, म्हणजे तोही पुरा नाही. १४ फेऱ्यांत हात हलवत परत आलो. त्या साऱ्या सोन्याची किंमत पेट्रोल आणि एका टायरमध्ये गेली. मला पगार आहे म्हणून याला छंद म्हणता येतं. तुझं खोलीभाडं यातून निघणार नाही. नोकरी शोध, आणि शनिवार-रविवार माझ्याबरोबर ये.

डिटेक्टर माझाच वापरून बघ. पहिले काही महिने तुला छर्रे, खिळे आणि बंदुकीच्या गोळ्याच मिळतील. शिशाचा छर्रा कानाला अगदी बारीक सोन्यासारखा लागतो, म्हणून प्रत्येक आवाज खणावा लागतो. कुदळीच्या डोक्यावर एक लोहचुंबक बसव, निम्मा वैताग कमी होईल.

मायनर्स राइट, म्हणजे सोनं शोधायचा सरकारी परवाना, आधी काढ. थोडक्या डॉलरांत दहा वर्षांचा मिळतो आणि सापडलेलं सोनं तुझं होतं. १८५४ मध्ये बॅलरॅटला युरेकाच्या कुंपणाआड खाणवाले महिन्याच्या लायसन्स फीविरुद्ध लढले, माणसं मेली, आणि पुढच्या वर्षी त्या लायसन्सच्या जागी हा कागद आला. तो खिशात असताना मला अजून जरा बरं वाटतं. त्यावर फक्त हाताची अवजारं चालतात. कुणाच्या शेतात त्याच्या परवानगीशिवाय जायचं नाही. बहुतेक राष्ट्रीय उद्यानं बंद, आदिवासींच्या वारशाच्या जागांना हात लावायचा नाही. निघण्याआधी सरकारी नकाशावर जागा तपासायची. आणि खड्डा बुजवायचा, कितीही उन्हाने डोकं फिरलं तरी.

रानात जुन्या खाणींचे विहिरींसारखे उभे खड्डे, शाफ्ट, उघडे पडलेत, काहींच्या तोंडावर नुसता पालापाचोळा. डिटेक्टर ऐकत मागे मागे चालायचं नाही. खाणींच्या जुन्या राडारोड्यात आर्सेनिक असतं, डबा उघडण्याआधी हात धू. चंदेरी लेप चढलेला गोळा सापडला तर तो पारा आहे, जुने लोक सोनं पकडायला वापरायचे. तो घरी तापवायचा नाही. आपल्या घरात धूर छातीत गेलेली माणसं तू पाहिली आहेस.

आणखी एक, हे फक्त गलाईवाल्यालाच सांगावं लागतं. मला पहिलं नगेट मिळालं, वाटाण्याएवढं. हात शिवशिवले, मूस आणि टाकणखार आणून रात्रीत वितळवलं. लखलखीत थेंब झाला. दुसऱ्या दिवशी सोनं घेणाऱ्याने वजनाचा भाव दिला आणि म्हणाला, तसंच आणलं असतंस तर हौशी माणसाने जास्त दिले असते. इथलं सोनं मुळातच बहुधा बावीस कॅरेटच्या वर असतं, आपण त्यात काय शुद्ध करणार? बायको अजून टोमणे मारते.

शनिवारी पहाटे साडेपाचला तुझ्या दारात गाडी आणतो. पूर्ण बाह्यांचा शर्ट, उंच बूट आणि तीन लिटर पाणी घे. डब्याचं काकू बघते. तोवर डिटेक्टरचे पैसे भरले नसतील तर भरू नकोस.

तुझा,
काका