सेटवरचा आवाज : वाचकांचे प्रश्न

चित्रीकरण चालू असताना संवाद टिपणाऱ्या साऊंड मिक्सरच्या कामाबद्दल आलेल्या पत्रांपैकी चार प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : ध्वनिमुद्रणाचा अभ्यासक्रम झाला, वर्षभर स्टुडिओत काम केले. आता चित्रपटाच्या सेटवर थेट मिक्सर म्हणून काम मागावे का?

उत्तर : लघुपट किंवा छोटा माहितीपट असेल तर जरूर मागा, तिथे बूम (माइक लावलेली लांब काठी) आणि रेकॉर्डर दोन्ही तुमच्याच गळ्यात असतील. मोठ्या चित्रपटावर मात्र आधी वायरी आणि बॅटऱ्या सांभाळणे, मग बूम, मग मिक्सर असा क्रम असतो. त्यातली बूमची पायरी गाळू नका. बूम धरणाऱ्याला लेन्सची चौकट कुठे संपते, माइकची सावली कुठे पडेल आणि पुढचे वाक्य कोणाचे, हे एकाच वेळी ठाऊक असावे लागते. त्यासाठी संवाद पाठच करावे लागतात. उघड्यावर माइकचे अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे 6 डेसिबल उतरतो, रस्त्यावरची वर्दळ मात्र होती तेवढीच राहते. मग गेन (माइकच्या आवाजाची वाढ) वाढवला तर दोन्ही वाढतात. हे पुस्तकात वाचून कळते, पण अंगात मुरते ते हात भरून आल्यावरच.

दुसरा फरक शांततेचा. स्टुडिओत ती आयती मिळते, सेटवर मागून घ्यावी लागते. जागेची पाहणी ज्या वेळी चित्रीकरण होणार त्याच वेळी करा. सकाळी निवांत असलेली गल्ली संध्याकाळी तशी नसते. पंप, पंखे, फ्रीज, एसी यांची यादी सहाय्यक दिग्दर्शकाला त्याच दिवशी द्या. दिवे लागून नट उभे राहिल्यावर तक्रार केलीत तर ऐकणारा कोणी नसतो. (फ्रीज बंद केलात तर स्वतःच्या गाडीची किल्ली त्यात ठेवा. तो पुन्हा चालू करायला विसरणे मग शक्यच नाही.)

खरेदीत आधी चांगले हेडफोन, बूम आणि खोलीतल्या कामासाठी हायपरकार्डिऑइड (मुख्यतः समोरचाच आवाज घेणारा) माइक. लांब नळीचा शॉटगन माइक लहान खोलीत भिंतींवरून परतणारा आवाज विचित्र करून टिपतो. वायरलेस संच सुरुवातीला भाड्यानेच आणा. आणि बिलात तुमची मजुरी व उपकरणांचे भाडे वेगवेगळे लिहा, नाहीतर घासाघीस सुरू झाली की उपकरणे फुकटात जातात.

प्रश्न : 32 बिट फ्लोट रेकॉर्डर घेतला तर आवाजाच्या लेव्हलकडे पाहायची गरज उरते का?

उत्तर : उरते. हा रेकॉर्डर अगदी हळू आणि अगदी मोठा दोन्ही आवाज सामावून घेतो, त्यामुळे फाइल फाटत नाही (मोठा आवाज कापला जाऊन खरखरत नाही) हे खरे, पण नटाच्या कमरेला लावलेल्या वायरलेस माइकच्या ट्रान्समीटरवर गेन जास्त असेल तर आवाज तिथेच फाटतो आणि रेकॉर्डरपर्यंत फाटकाच पोहोचतो. माइक दूर असेल तर त्यावरही हा इलाज नाही. शिवाय दिग्दर्शक ऐकतो आणि संकलक आधी वापरतो तो तुमचा मिक्स ट्रॅक, म्हणजे सगळे माइक एकत्र केलेला. तो हातानेच सांभाळायचा असतो. नेहमीच्या 24 बिट रेकॉर्डिंगवर बोलणे साधारण उणे 20 डीबीएफएसच्या (या मोजपट्टीत शून्य म्हणजे कमाल मर्यादा) आसपास आणि मोठे उच्चार उणे 10 पर्यंत ठेवा. मिक्स पहिल्या ट्रॅकवर, प्रत्येक माइक पुढे स्वतंत्र.

प्रश्न : कपड्यात लपवलेल्या कॉलर माइकवर सतत खसखस येते. काय करावे?

उत्तर : आधी खसखस कशाची ते ओळखा. हालचालीबरोबर धडधडत असेल तर बहुतेक वेळा वायर ओढली जात असते: माइकखाली वायरचा छोटा वेटोळा करून चिकटवा. माइकवर कापड घासत असेल तर चिकटपट्टीच्या दोन त्रिकोणी घड्या करा, चिकट बाजू बाहेर, आणि माइक त्यांच्या मधे दाबून दोन्ही थरांना चिकटवा. मग कापड आणि माइक एकत्रच हलतात. कडक खळीचे किंवा रेशमी कापड स्वतःवरच घासत असेल तर माइक कुठेही लावा, फरक पडत नाही. त्यासाठी वेशभूषेच्या माणसांशी आदल्या दिवशीच बोला. आणि कॉलर माइक लावला म्हणून बूम खाली ठेवू नका.

प्रश्न : 10 मिनिटांच्या मुलाखतीत सुरुवातीला ओठ आणि आवाज जुळतात, शेवटी जुळत नाहीत. रेकॉर्डर बिघडलाय का?

उत्तर : शक्यता कमी. शेवटी तफावत सुमारे 0.6 सेकंद असेल तर कॅमेरा सेकंदाला 23.976 फ्रेमवर चालला आणि संकलनात चित्र 24 वर धावले, आवाज मात्र मूळ वेगाने राहिला, 0.1 टक्क्याचा हा फरक आहे. प्रोजेक्टचा दर कॅमेऱ्याइतकाच करा. तफावत सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखीच असेल तर दोष टाइमकोडचा (कॅमेरा आणि रेकॉर्डर दोघेही चित्र-आवाजासोबत नोंदवतात ती वेळ). उपकरणातल्या साध्या घड्याळात दशलक्षात 10 भागांची चूक असली तरी तासाला 36 मिलिसेकंद सरकतात, म्हणजे 25 फ्रेमच्या हिशेबात जवळपास एक फ्रेम, आणि आठ तासांत सात. म्हणून जेवणाच्या सुटीनंतर कॅमेरा आणि रेकॉर्डर पुन्हा एकदा जोडून टाइमकोड जुळवा. क्लॅपही मारत राहा. टाइमकोड चुकला तर तेवढाच आधार उरतो.