जुने ते होऊन गेले, पण उधारी?

प्रश्न : पाळकसाहेब, जय ख्रिस्त. माझ्या मिस्टरांचं तारण झालं, म्हणजे पापातून सुटून ते ख्रिस्ताकडे वळले, त्याला दोन वर्षं होतील. दारू सुटली, देवाची स्तुती असो. ख्रिस्ताने आपलं आयुष्य कसं बदललं याची साक्ष ते दर मेळाव्यात सगळ्यांपुढे देतात. पण पिण्याच्या काळात माझ्या भावाकडून घेतलेले चाळीस हजार आणि किराणावाल्याची उधारी तशीच आहे. विषय काढला की म्हणतात, ‘जुने ते होऊन गेले, पाहा, ते नवे झाले आहे.’ वर मलाच विचारतात, तुझं तारण कोणत्या तारखेला झालं? मला तारीख सांगता येत नाही. लहानपणापासून मी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये आहे. माझंच काही चुकतंय का?
– एक भगिनी, राहुरी

उत्तर : ताई, जय ख्रिस्त. दारू सुटणं ही लहानसहान गोष्ट नव्हे, त्याबद्दल आधी देवाचे उपकार माना. त्यांचं तारण झालंच नाही, असा निवाडा मी इथे बसून देणार नाही; तुम्हीही देऊ नका. पण ‘जुने ते होऊन गेले’ हे बायबलमधलं वचन (२ करिंथ ५:१७) त्यांनी भलत्याच वहीला लावलंय. देवाने पापांची क्षमा केली म्हणून किराणावाल्याच्या खात्यावरची रक्कम पुसली जात नाही. ते पैसे त्याचे आहेत, देवाचे नव्हेत.

लूकचा १९वा अध्याय दोघं मिळून वाचा. संडे स्कूलच्या पोरांना जकातदार जक्कय येशूला पाहायला उंबराच्या झाडावर चढला एवढंच आठवतं. खरी गोष्ट तो खाली उतरल्यावर आहे. अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि अन्यायाने घेतलेलं चौपट परत! मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे आपणहून कबुली देणाऱ्याने मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा एवढंच भरायचं होतं (गणना ५:७). चौपटीचा दर मेंढरू चोरून कापणाऱ्याला किंवा विकणाऱ्याला होता (निर्गम २२:१). जक्कयाने कुणी न सांगता तो चोराचा दर स्वतःला लावून घेतला. ‘आज ह्या घराला तारण झाले आहे’ हे येशूचे शब्द त्यानंतरचे. म्हणजे पैसे मोजून त्याने तारण घेतलं असं मुळीच नाही. तारण कृपेनेच, इफिस २:८ मध्ये स्पष्ट आहे, आणि ‘आज मला तुझ्या घरी उतरायचे आहे’ असं येशू आधीच म्हणाला होता. पण तो घरी उतरला आणि हिशेब जिथल्या तिथे राहिले, असं झालं नाही.

मी एका खेड्यातल्या मंडळीत असताना आमच्यात एक रतीबवाले होते. मेळाव्यात कधी तोंड उघडलं नाही की साक्ष दिली नाही. पण एका उन्हाळ्यापासून गल्लीतल्या बायका म्हणू लागल्या, ‘हल्ली यांच्या दुधावर साय जाड येते.’ पाणी घालणं बंद झालं होतं, दर तोच. महिन्याचे पैसे कमी आले म्हणून त्यांची बायको माझ्याकडे तक्रार घेऊन आली होती! मला विचाराल तर ती साय म्हणजे मी ऐकलेली फार मोठी साक्ष.

आता तारखेचं. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. त्यांनीच पुढे लिहून ठेवलंय की, तेव्हा ख्रिस्ती धर्म सापडला, खुद्द ख्रिस्त सापडायला आणखी आठ वर्षं लागली. इतक्या मोठ्या बाईंचं असं, तर तुमच्यासारखी पाळण्यापासून मंडळीत वाढलेली बाई तारीख कुठून आणणार? ज्यांना तारीख ठाऊक आहे त्यांनी ती आनंदाने सांगावी, बायकोची परीक्षा घेऊ नये. घरात बोलण्याचा सूर बदलला का, हेही तारणाच्याच खात्यात येतं.

करायचं काय? उपदेश तुम्ही करू नका, तो त्यांना रविवारी मिळतोच. एखाद्या संध्याकाळी कौटुंबिक प्रार्थना झाल्यावर कोणाचे किती देणं आहे ते त्यांच्याच हाताने कागदावर लिहवून घ्या. इफिस ४:२८ त्याच वेळी वाचा : चोरी करणाऱ्याने हातांनी काम करावं, ते गरजवंताला द्यायला जवळ काही असावं म्हणून. मग महिन्याला जमेल तेवढा हप्ता ठरवा, आणि तो द्यायला त्यांनी स्वतः जावं, तुमच्या हाती धाडू नये. भाऊ ‘राहू दे ताई’ म्हणाला तरी तुम्ही मधे पडू नका. मात्र सुरुवात किराणावाल्यापासून करा. भाऊ थांबेल, किराणावाल्याला दुकानात माल भरायचा असतो.