शॉकनंतर हात छातीवर, नजर घड्याळावर

प्रश्न : पुढच्या महिन्यात एसीएलएसची (हृदय बंद पडल्यावर करायच्या प्रगत उपचारांची) परीक्षा आहे. अल्गोरिदम पाठ आहेत, पण मेगाकोडच्या (पूर्ण प्रसंग टीमसह हाताळून दाखवायच्या चाचणीच्या) सरावात टीम लीडर म्हणून उभी राहिले की शॉकनंतर हमखास चुकते. काय करू?
— एक स्टाफ नर्स

उत्तर : शॉक बसला की सगळे मॉनिटरकडे बघत थांबतात, कुणी नाडी चाचपतं. मार्क जातात ते इथे. फिब्रिलेशन (हृदयाची नुसती थरथर) थांबलं तरी हृदय लगेच पुरेसं रक्त ढकलू लागत नाही. म्हणून शॉक देताच कॉम्प्रेशन (छाती दाबणं) सुरू, आणि रिदम (मॉनिटरवरची हृदयाची लय) बघायचा तो २ मिनिटांनी. त्या वेळी मॉनिटरवर व्यवस्थित रिदम दिसला तरच नाडी बघायची, तीही १० सेकंदांच्या आत. मशीन चार्ज होईपर्यंतही छातीवरचे हात उचलायचे नाहीत.

सराव तोंडाने बोलून करा : ‘चार्ज करा, कॉम्प्रेशन चालू राहू द्या. सगळे बाजूला. शॉक दिला, कॉम्प्रेशन सुरू!’ हे आपोआप तोंडात आलं की औषधं आठवायला डोकं मोकळं राहतं. व्हीएफमध्ये, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यांच्या फिब्रिलेशनमध्ये, दुसऱ्या शॉकनंतर अ‍ॅड्रेनॅलिन १ मिग्रॅ, मग दर ३ ते ५ मिनिटांनी; तिसऱ्या शॉकनंतर अमिओडॅरोन ३०० मिग्रॅ, पुढचा डोस १५० चा. असिस्टोल (मॉनिटरवर सपाट रेषा) आणि पीईएमध्ये (मॉनिटरवर रिदम, पण नाडी नाही) शॉक नाही. अ‍ॅड्रेनॅलिन जितक्या लवकर देता येईल तितकं बरं. पीईए हा परीक्षकांचा आवडता सापळा. पडद्यावर ७० चा सुंदर रिदम, मानेत नाडी नाही, आणि उमेदवार ‘पेशंट परत आला’ म्हणून मोकळा!

कॉम्प्रेशनचा वेग मिनिटाला १०० ते १२०, खोली ५ ते ६ सेंमी. फोनवर ११० चा मेट्रोनोम लावून हात बसवा. दमल्यावर वेग टिकतो पण खोली कमी होते, आणि ते दाबणाऱ्याला कळतही नाही. म्हणून दर २ मिनिटांनी माणूस बदला. लेखी परीक्षेची फार धास्ती नको. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या पेपरात ५० पैकी ४२ बरोबर आले की पास.

प्रश्न : जुन्या नोट्समध्ये अ‍ॅट्रोपिन ०.५ मिग्रॅ लिहिलंय, नव्यात १. कोणतं धरू?

उत्तर : १ मिग्रॅ. २०२० च्या मार्गदर्शक सूचनांपासून ब्रॅडिकार्डियात (हृदयाचे ठोके फार मंद असताना) हाच डोस आहे. दर ३ ते ५ मिनिटांनी, एकूण ३ मिग्रॅपर्यंत. असिस्टोलमधून अ‍ॅट्रोपिन २०१० सालीच गेलं, त्यामुळे तुमच्या नोट्समध्ये ते तिथेही असेल तर खोडून टाका. रुंद क्यूआरएसचा (ईसीजीवर खालच्या कप्प्यांच्या ठोक्याची खूण रुंद दिसणारा) पूर्ण ब्लॉक, म्हणजे वरच्या कप्प्यांचे विद्युत संदेश खाली पोचतच नाहीत अशी स्थिती, असेल तर अ‍ॅट्रोपिनचा उपयोग होण्याची शक्यता कमी. त्याची वाट न बघता पेसिंगची (मशीनने विद्युत झटके देऊन ठोके चालवण्याची) तयारी सांगा.

जाता जाता, सिंक बटणाबद्दल. बऱ्याच मशीनवर सिंक्रोनाइज्ड शॉकनंतर (हृदयाच्या ठोक्याशी वेळ जुळवून दिलेल्या शॉकनंतर) सिंक आपोआप बंद होतो. दुसरा शॉक द्यायची वेळ आली तर आधी बटण पुन्हा दाबा आणि प्रत्येक आर लाटेवर (ईसीजीतल्या ठोक्याच्या उंच टोकावर) खूण दिसते का ते बघा.