वाचक विचारतात : गुलामांचे चित्र असलेली नोट

प्रश्न : अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात दक्षिणेकडील बंडखोर राज्यांच्या सरकारने १८६२ मध्ये काढलेली शंभर डॉलरची नोट माझ्या संग्रहात आहे. तिच्या मधोमध कापसाच्या शेतात खुरपणी करणारे कृष्णवर्णीय गुलाम दाखवले आहेत. ‘असली वस्तू घरात मिरवता कशाला?’ असे एका स्नेह्यांनी विचारल्यापासून ती ठेवावी की काढून टाकावी, हे ठरत नाही. कृपया मार्गदर्शन करावे.
– एक संग्राहक, सांगली

उत्तर : नोट अवश्य ठेवावी, पण दिवाणखान्यातील चौकटीत नव्हे. आपली संपत्ती कशावर उभी आहे, हे त्या सरकारने स्वतःच्याच चलनावर छापून ठेवले आहे आणि याहून स्पष्ट कबुली क्वचितच सापडेल. नोटेच्या डाव्या बाजूस जॉन कॅल्हून यांचे चित्र आहे. गुलामगिरी ही केवळ सोसावी लागणारी वाईट गोष्ट नसून हितकारक व्यवस्था आहे, असे या पुढाऱ्याने १८३७ मध्ये सिनेटमध्ये प्रतिपादन केले होते. मधले चित्रही त्याच मताची री ओढते. त्यात शेत नीटनेटके आणि माणसे शांत दिसतात; चाबूक, लिलाव, ताटातूट झालेली कुटुंबे यांचा मागमूसही नाही. म्हणून अल्बममध्ये नोटेशेजारी चार ओळी लिहून ठेवाव्यात आणि त्यांत ‘शेतमजूर’ असा गुळमुळीत शब्द न वापरता ‘गुलाम’ असेच लिहावे.

या नोटेवर रोज दोन सेंट व्याज आणि अमेरिकेशी शांततेचा तह मंजूर झाल्यावर सहा महिन्यांनी मुद्दल, असे वचन होते. तसा तह कधी झालाच नाही आणि १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने बंडखोरांची सर्व कर्जे बेकायदा ठरवली. गुलाम मुक्त झाल्याबद्दल मालकांनी भरपाई मागण्याची वाटही त्याच कलमाने बंद केली, हे टिपणात जरूर नोंदवावे.

आपली नोट अस्सल आहे का, हेही जाणकाराकडून तपासून घ्यावे. अस्सल नोटेवरील सह्या व क्रमांक शाईने, हाताने लिहिलेले असतात. नंतर स्मरणवस्तू म्हणून निघालेल्या नकलांवर ते छापलेले असून कागद बहुधा मुद्दाम पिवळा व कडकडीत केलेला असतो. नोट अस्सल ठरल्यास तिचे लॅमिनेशन कदापि करू नये.