सोलापुरात पावसाचं पाणी कुठे तुंबतं हे मॉडेल करायला कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं? बीई प्रोजेक्ट आहे, खर्च परवडणार नाही.

पाणी गटारातून वर येतंय की नाल्यातून बाहेर पडतंय, हे आधी ठरवा. निम्मी निवड तिथेच होते.

गटारं, चेंबर, पाइप यांचा हिशोब हवा असेल तर एसडब्ल्यूएमएम (स्टॉर्म वॉटर मॅनेजमेंट मॉडेल). अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचं, १९७१पासूनचं आणि फुकट. एक खोच लक्षात ठेवा: चेंबरमधून वर आलेलं पाणी ते मूळ सेटिंगमध्ये हिशोबातूनच काढून टाकतं. 'अलाउ पाँडिंग' चालू करून त्या चेंबरला साचण्याचं क्षेत्रफळ दिलं, तरच ते तिथे थांबून परत आत उतरतं. तरीही ते पुढच्या गल्लीत कसं पसरलं हे काही दिसणार नाही.

ते बघायचं असेल, किंवा प्रश्न आदिला नदीकाठचा असेल, तर हेक-रास टू-डी, म्हणजे नदीचं आणि जमिनीवर पसरणारं पाणी दाखवणारं सॉफ्टवेअर. तेही फुकट. माईक, इन्फोवर्क्स ही विकतची सॉफ्टवेअर गटार आणि पसरणं ही दोन्ही कामं एकत्र करतात, पण लायसन्सची किंमत विचारूच नका.

खरं घोडं अडतं ते उंचीच्या डेटावर. उपग्रहाचा फुकट डेटा ३० मीटरचा. त्याच्या एका चौकोनात आपल्या पेठेतली गल्ली घरांसकट मावते! निदान मुख्य चौकांच्या आणि चेंबरच्या लेव्हल (उंची) ऑटो लेव्हल या सर्व्हेच्या यंत्राने स्वतः घ्या. पावसाचे आकडे दिवसाचे नकोत, दर १५ मिनिटांचे शोधा. आणि काळी माती एकदा भिजली की पाणी फारसं जिरवत नाही, तेव्हा मोकळ्या प्लॉटलाही सढळ हाताने जिरण देऊ नका.