शिष्य बारा की प्रेषित बारा?

प्रश्न असा आहे: येशूच्या बारा जणांना कुठे 'शिष्य' म्हटलेले दिसते, कुठे 'प्रेषित'. बरोबर काय?

बरोबर दोन्ही, पण एकाच्या जागी दुसरा सर्रास चालत नाही. शिष्य म्हणजे शिकणारा. मूळ ग्रीक 'मॅथेटेस'चाही अर्थ तोच. प्रेषित म्हणजे धाडलेला, ग्रीक 'अपॉस्टोलॉस'. पाकिटावरचा 'प्रेषक' हा 'प्रेषित'च्याच कुळातला, फक्त तो धाडणारा. (घाईत 'येशूचे प्रेषक' लिहिणारेही आहेत. अर्थ पार उलटा होतो.)

बायबलात लूकच्या शुभवर्तमानात 6:13 मध्ये (अध्याय 6, ओवी 13) फरक उघड दिसतो. येशू शिष्यांना बोलावतो, त्यांतून बारा निवडतो आणि त्यांना प्रेषित हे नाव देतो. म्हणजे बाराही जण शिष्य होतेच, पण प्रत्येक शिष्य प्रेषित नव्हता. यापो गावची तबिथा शिष्या आहे, प्रेषित नाही. दुसरा शुभवर्तमानकार मत्तय तर 10:1 मध्ये 'बारा शिष्य' म्हणतो आणि लगेच पुढच्या ओवीत 'बारा प्रेषित' म्हणून नावे देतो. पहिल्यात ते येशूजवळ आहेत, दुसऱ्यात कामगिरीवर निघालेत.

उलट बाजूही आहे. ख्रिस्ती धर्माचा सुरुवातीचा प्रचारक पौल त्या बारांतला नव्हे, तरी स्वतःला प्रेषित म्हणवतो. बायबलातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात 14:14 मध्ये त्याचा सहकारी बर्णबा यालाही तेच म्हटले आहे. म्हणून 'प्रेषित म्हणजे फक्त ते बारा' हे समीकरण चुकते.

आकड्याचीही एक गंमत आहे. येशूचा विश्वासघात करणारा यहूदा इस्कर्योत बारांतून गेल्यावर मत्तय 28:16 'अकरा शिष्य' असे काटेकोर मोजतो, पण पौल करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात (1 करिंथ 15:5) 'बारा जण'च म्हणतो. 'बारा' हे तोवर गटाचे नावच झाले होते. रिकामी जागा पुढे चिठ्ठ्या टाकून मत्थिया नावाच्या शिष्याला मिळाली.

मराठीत लिहिताना एक अडचण वेगळीच. 'प्रेषित' वाचताच अनेकांना पैगंबर आठवतात, कारण 'प्रेषित मुहंमद' हा प्रयोग रुळलेला आहे. त्यामुळे मिश्र वाचकांसाठी पहिल्या उल्लेखात 'येशूचे प्रेषित' किंवा 'प्रेषित पौल' असे पूर्ण लिहावे. जुन्या करारातल्या यशया, यिर्मया यांना मात्र मराठी बायबलात 'संदेष्टा' हा वेगळा शब्द आहे. त्यांना प्रेषित म्हणू नये.