वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबणारा

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र येऊन आठ दिवस झाले. तू विचारलेली गोष्ट घाईघाईने हातावेगळी करू नये असे वाटले, म्हणून उत्तराला उशीर झाला. 'कथा' हा चित्रपट पाहून झाल्यावर तू मैत्रिणींना सांगितलेस की, आजवर पाहिलेल्या नायकांपैकी तुझे मन खरोखर कोणावर जडले असेल तर ते त्या चाळीतल्या साध्यासुध्या राजारामवर. आणि त्यावर त्या हसून म्हणाल्या की, असा माणूस लग्नाला बरा, पण याच्या प्रेमात कोण पडणार? तेव्हापासून तुझ्या मनाने घेतले आहे की, आपल्याला चांगुलपणाची जी ओढ वाटते ती खरी ओढ नसावी, आपल्यात धाडस नाही म्हणून आपण स्वतःची घातलेली ती समजूत असावी.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकते. ती खरी ओढ आहे. तिच्यातही काळजाचा ठोका चुकतो, झोप उडते, जिन्यावर पाऊल वाजले की कान टवकारले जातात. तुझ्या मैत्रिणींना ती दिसत नाही यात त्यांचा दोष नाही, कारण प्रेम कसे दिसते हे आपण सगळ्याच जणी पडद्याकडे पाहून शिकलो आणि पडद्याला रुबाब दाखवणे फार सोपे जाते. नायकाची एंट्री आठव. आधी बूट दिसतात, मग खांदे, मग खालून लावलेल्या कॅमेऱ्यातून उंच वाटणारा चेहरा; चाल संथ केलेली असते, केस वाऱ्यावर उडत असतात, संगीत चढत जाते आणि थिएटरात शिट्ट्या पडतात. त्याने अजून एक शब्दही उच्चारलेला नसतो, कोणासाठी काही केलेले नसते, तरी तो आपल्याला आवडून बसलेला असतो. चांगुलपणाला अशी एंट्री देता येत नाही. एखाद्याने एकदा सौजन्य दाखवले तर तो शिष्टाचार असू शकतो. तोच माणूस दमलेला असताना, चिडलेला असताना, कोणी पाहत नसताना पुन्हा तसाच वागला, तेव्हा कुठे आपल्याला त्याचा स्वभाव कळतो. म्हणजे चांगुलपणा दाखवायचा तर दिग्दर्शकाला वेळ खर्च करावा लागतो, आणि तेवढा वेळ देण्याची तयारी थोड्याच जणांची असते.

आपल्याकडे ती तयारी असलेली माणसे ऐन संतप्त नायकाच्या काळातच काम करत होती, याचे मला नेहमी अप्रूप वाटते. 1973 साली 'जंजीर' आला, 1975 साली 'दीवार' आणि 'शोले' आले, आणि त्याच तीन-चार वर्षांत बासू चॅटर्जी अमोल पालेकरांना घेऊन बसच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या माणसांच्या प्रेमकथा सांगत होते. 1976 सालच्या 'छोटी सी बात'मधला अरुण आठवतो का? मनात भरलेल्या प्रभाशी दोन वाक्ये धड बोलता येत नाहीत म्हणून तो खंडाळ्याला एका निवृत्त कर्नलकडे जाऊन मुली जिंकण्याचे डावपेच शिकून येतो, आणि स्कूटरवरून ऐटीत फिरणाऱ्या नागेशला त्याच्याच खेळात हरवतो. त्या डावपेचांवर प्रेक्षक पोट धरून हसतात, मीही हसते. परंतु प्रभाला अरुण आवडत असतो तो खंडाळ्याला जाण्याच्या आधीपासून. तो जे शिकून आला त्याची तिला गरजच नव्हती. इतकी मोठी गोष्ट तो चित्रपट किती हळू आवाजात सांगतो!

आता तुझ्या राजारामकडे येते, पण वाटेत दुसऱ्या एका चित्रपटाशी थांबून. सई परांजपे यांनी 1981 साली 'चश्मे बद्दूर' केला आणि 1983 साली त्यांचा 'कथा' आला. दोन्हींत नायिका दीप्ती नवल आहेत आणि दोन्हींत फारुख शेख आहेत. 'चश्मे बद्दूर'मध्ये ते सिद्धार्थ आहेत. कपडे धुण्याच्या पावडरीचे प्रात्यक्षिक दाखवायला दारात आलेल्या मुलीला आत बोलावून तिचे बोलणे मन लावून ऐकणारा, अभ्यासू, जरा संकोची मुलगा. त्याच्या खोलीत राहणारे दोघे मित्र याच मुलीच्या मागे लागून तोंडघशी पडलेले असतात आणि आपण तिला कसे पटवले याच्या खोट्या कहाण्या रंगवून सांगत असतात. 'कथा'मध्ये तेच फारुख शेख बाशू होतात. तोच चेहरा, तेच हसू, तोच मधाळ आवाज; पण हा माणूस मित्राच्या, म्हणजे राजारामच्या, खोलीत बिऱ्हाड थाटतो, थापा मारून चाळ खिशात घालतो, मित्राच्याच कंपनीत साहेबाला भुरळ घालून नोकरी मिळवतो, राजारामचे मनातून जिच्यावर प्रेम आहे त्या संध्याला लग्नाच्या आशेला लावतो आणि वेळ येताच पोबारा करतो.

हे दोन चित्रपट लागोपाठच्या दोन संध्याकाळी पाहा. आमच्या गावातल्या छोट्या चित्रपट मंडळात मी ते असे दोनदा दाखवले आहेत, आणि दोन्ही वेळा दुसऱ्या संध्याकाळी सभागृहात एक चमत्कारिक शांतता पसरली होती, कारण कालच ज्या हसण्यावर सगळे लुब्ध झाले होते तेच हसू आज माणसाला फसवत होते. मोहकपणा हा केवळ मोहकपणा असतो; तो सिद्धार्थकडेही असू शकतो आणि बाशूकडेही. मोहक माणसांपासून दूर राहा, असे मी तुला कधीच सांगणार नाही. तो मोहकपणा कोणाकोणाच्या वाट्याला येतो आहे, तेवढे मात्र बघ. बाशू चाळीतल्या म्हाताऱ्यांशी गोड बोलतो, मुलांशी खेळतो, बायकांची तारीफ करतो. वरवर पाहता तो राजारामपेक्षा जास्त प्रेमळ वाटतो. पण ज्याच्याकडून काही मिळण्यासारखे आहे त्याच्यापाशीच त्याचा प्रेमळपणा उमलतो, आणि जो मित्र त्याला पोसतो आहे त्याच्या वाट्याला त्यातले काही येत नाही. राजाराम मात्र ज्यांच्याकडून काहीही मिळायचे नाही, त्यांच्याही उपयोगी पडत राहतो.

शेवटचा प्रसंग तू पत्रात केवळ ओझरता लिहिलास, त्यामुळे तो तुला किती लागला असेल याचा मला अंदाज आला. बाशू निघून गेला आहे, संध्याची चाळभर नाचक्की झाली आहे, आणि राजाराम तिच्याशी लग्न करायला तयार आहे. त्या वेळी संध्या त्याला स्वतःहून सांगते की बाशूचा आणि तिचा शरीरसंबंध आला आहे. 1983 सालच्या हिंदी चित्रपटात नायिकेने हे तोंडाने सांगावे आणि त्यानंतर तिने विषही घेऊ नये, नदीकडेही धावू नये, तर ज्याचे तिच्यावर प्रेम आहे त्याच्याशी तिचे लग्न व्हावे, ही केवढी गोष्ट होती हे तुझ्या पिढीला कदाचित जाणवणार नाही. राजाराम तिला क्षमा करत नाही, कारण क्षमा करण्यासारखे तिने काही केले आहे असे त्याला वाटतच नाही. माझ्या मते तो सगळ्यांत आकर्षक दिसतो तो तिथे. त्यासाठी त्याला बूट, वारा, संगीत यातले काहीच लागत नाही.

ही ओढ खरी असते असे मी इतक्या ठामपणे का लिहिते, हेही तुला कळायला हवे. मी वीस-एकवीस वर्षांची असताना आमच्या घरी एक तरुण येत असे. देखणा, वाचलेला, कवितांच्या ओळी पाठ असलेला. तो आला की बैठकीची खोली उजळून निघे, आणि त्याची नजर माझ्याकडे वळली की मी सुखाने अवघडून जात असे. माझा धाकटा भाऊ तेव्हा बोलताना अडखळायचा. एखाद्या अक्षरावर त्याची जीभ अडली की कपाळावरची शीर ताठ होई आणि उजव्या हाताचा अंगठा मुठीत घट्ट दाबला जाई. तो तरुण अशा वेळी भावाचे वाक्य स्वतःच पूर्ण करून टाकी, तेही इतक्या मजेदार रीतीने की घरातले सगळे हसत. मीही हसत असे. ते हसू मला आजही बोचते.

त्याच वर्षी मला पाहायला एक गृहस्थ आले. बोलण्यात विशेष चमक नव्हती, शर्टाची कॉलर एका बाजूने दुमडलेली होती. पोह्यांच्या बशा आणून ठेवताना भावाने त्यांना काहीतरी विचारायला सुरुवात केली आणि तो पहिल्याच शब्दावर अडला. माझी आई चटकन मदतीला येणार होती. पण त्या गृहस्थांनी हातातली बशी खाली ठेवली, भावाकडे वळून बसले आणि थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर कीव नव्हती, उतावीळपणा नव्हता. समोरचा माणूस काय विचारतो आहे हे कळून घेण्याची साधी उत्सुकता होती. भावाचे वाक्य पूर्ण व्हायला बराच वेळ लागला. प्रश्न एवढाच होता की, तुमच्याकडे सायकल आहे का? त्यांनी त्याचे नीट उत्तर दिले, सायकलची कंपनी सांगितली, आणि तुला चालवायला येते का असे उलट विचारले. दाराच्या चौकटीला धरून उभी असलेली मी तेव्हा जे अनुभवले त्याला प्रेमात पडणे याखेरीज दुसरा शब्द मला चाळीस वर्षांत सापडलेला नाही. भावाचा अंगठा मुठीतून सुटलेला मी पाहिला होता.

म्हणून तुझ्या मैत्रिणींचे म्हणणे मला पटत नाही. पण दोन गोष्टींबाबत तुला सावध करणे माझे कर्तव्य आहे. पहिली ही की, मवाळपणा आणि चांगुलपणा एकच समजू नकोस. राजारामवर माझाही जीव आहे, तरी तो बाशूला वेळीच दार दाखवत नाही आणि संध्याला आपल्या मनातले सांगत नाही, ही त्याच्या चांगुलपणाची थोरवी नसून त्याची उणीव आहे, आणि तिची किंमत संध्याला मोजावी लागते. सिद्धार्थही मित्रांच्या खोट्या कहाण्या ऐकतो आणि त्या मुलीला एका शब्दाने न विचारता तिच्यापासून दूर होतो. भली माणसेही अशी दुखावतात. तेव्हा ज्याला नाही म्हणता येते, ज्याला विचारता येते, असा भला माणूस तुला भेटावा अशी माझी इच्छा आहे.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. काही जण चांगुलपणाचा हिशेब ठेवतात. मी इतके केले, इतका थांबलो, इतके सोसले, आता तिने माझ्यावर प्रेम केलेच पाहिजे, असे त्यांच्या मनात पक्के असते, आणि नकार मिळाला की तोच माणूस कडवट होतो. 1993 सालच्या 'डर'मध्ये ज्या मुलीला तो नको आहे तिचाच पिच्छा पुरवणाऱ्याच्या यातनाच प्रेम म्हणून प्रेक्षकांनी डोक्यावर घेतल्या, आणि तिच्या भीतीचे कोणाला फारसे काही वाटले नाही. रुबाब मिरवणारा असो की झुरणारा, त्याला आपल्या भावनेपलीकडे समोरचा माणूस दिसतो का, हेच पाहावे लागते. 2008 सालच्या 'रब ने बना दी जोडी'मधला सुरिंदर माझ्या कित्येक विद्यार्थिनींना आवडतो आणि त्याचा साधेपणा मलाही भावतो. पण तो वेष पालटून, दुसरा माणूस बनून आपल्याच बायकोचे मन जोखत राहतो, ते मला कधीच रुचले नाही. ज्याच्यावर प्रेम करायचे त्याची अशी परीक्षा घेऊ नये.

पत्राच्या अखेरीस तू ज्या मुलाविषयी दोनच ओळी लिहिल्या आहेस, त्याच्याबद्दल मी काही मत देणार नाही, कारण मी त्याला पाहिलेले नाही. रिक्षावाल्याशी सुट्या पैशांवरून वाद झाला तेव्हा, सामना हरल्यावर, तुझ्या वर्गातल्या सगळ्यांत कंटाळवाण्या मुलाशी बोलताना तो कसा असतो, हे तू पाहिलेच असशील. जे पाहिलेस त्यावर विश्वास ठेव. आणि त्याला आवडतेस की नाही याची वाट पाहत बसण्यापेक्षा तुला तो आवडतो हे त्याला सांगून टाक. राजारामने जे केले नाही ते तू कर.

दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस इकडे ये. मंडळात 'कथा' पुन्हा लावते आहे, त्या हसणाऱ्या मैत्रिणींनाही घेऊन ये. भाऊही तेव्हा इथेच असेल. तुझ्या पत्राविषयी मी त्याला काही सांगितलेले नाही, ते तुझे आहे. तो आता साठीला आला आहे आणि नव्या माणसासमोर पहिल्या शब्दावर अजूनही अडतो. तुला सायकलीची हकिकत त्याच्या तोंडून ऐकायची असेल तर जरा सवड काढून बस.

तुझी,
बाई